विश्लेषण : जिऊ-जित्सूचा ‘गी’ घेताना जाडी पाहायची की वाळायला लागणारा वेळ?

पावसाळ्यात वेळणेश्वरच्या एखाद्या पडवीत दोरीवर टाकलेली जीन्स दोन-दोन दिवस ओलीच राहते, हे गुहागर तालुक्यात कोणाला सांगावे लागत नाही. आता त्याच दोरीवर जीन्सच्या दुप्पट वजनाचा, जाड विणीचा आणि गळ्याला बोटभर जाडीची पट्टी शिवलेला सुती पोशाख टांगलाय अशी कल्पना करा. ब्राझीलियन जिऊ-जित्सूचा ‘गी’ तो हाच. आठवड्यातून तीन दिवस सराव असेल तर तो तीनदा घामाने निथळतो, तीनदा धुवावा लागतो आणि चौथ्या दिवशी पुन्हा अंगावर चढवावा लागतो.

या खेळाच्या अकादम्या प्रामुख्याने मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आहेत. नोकरी-शिक्षणासाठी तिकडे गेलेली कोकणातली मुले-मुली आता त्यांत नाव घालतात आणि पहिला गी मोबाइलवरूनच मागवतात. मागवण्याआधी जे व्हिडीओ पाहिले जातात, ते बहुतेक अमेरिकेत किंवा युरोपात बनलेले असतात. तिथे हवा कोरडी असते, घरात ड्रायर असतो. त्यामुळे ‘जाड घ्या, टिकाऊ घ्या’ हा सल्ला तिथे खपून जातो. अरबी समुद्राच्या काठावर मात्र तोच सल्ला महागात पडतो.

गी आणि कराटेचा ड्रेस एकच का नाही?

गावोगावच्या शाळांत कराटे पोहोचल्यामुळे पांढरा पोशाख आणि कमरेला पट्टा म्हटले की पालकांच्या डोळ्यांसमोर ‘कराटे ड्रेस’ येतो. तो पातळ कापडाचा असतो, कारण ठोसा आणि लाथ मारताना कपडा आड येऊ नये एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. जिऊ-जित्सूत उलटे आहे. इथे कपडा हेच हत्यार. फ्रीस्टाइल कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचा कपडा धरणे नियमबाह्य, तर इथे बाही धरून हात अडकवतात, पायजमा धरून पाय बाजूला सारतात आणि जाकिटाची गळपट्टी मानेभोवती आवळून प्रतिस्पर्ध्याला हार मानायला लावतात. कराटेचा ड्रेस या ओढाताणीत पहिल्याच आठवड्यात काखेत उसवतो.

हा पोशाख मूळचा ज्युदोचा. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही संस्था काढली. तिथे तयार झालेले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले, त्यांच्याकडून ही विद्या ग्रेसी कुटुंबाकडे गेली आणि जमिनीवरच्या पकडींवर भर देणारा स्वतंत्र खेळ उभा राहिला. पोशाख सोबत गेला, पण वाटेत अंगासरशी झाला. ज्युदोचे जाकीट घोळदार आणि लांब, जिऊ-जित्सूचे त्यामानाने आखूड आणि बाही निमुळती.

जीएसएमचा आकडा किती महत्त्वाचा?

विक्रीच्या प्रत्येक जाहिरातीत ‘३५० जीएसएम’, ‘४५० जीएसएम’, ‘५५० जीएसएम’ असे आकडे ठळक असतात. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. हा आकडा फक्त जाकिटाच्या कापडाचा असतो, संपूर्ण पोशाखाचा नव्हे. पायजमा वेगळ्या कापडाचा असतो, एक तर जाड ड्रिल किंवा मग ‘रिपस्टॉप’ नावाची चौकड्यांची पातळ, चिवट वीण. गळपट्टीच्या आत काय भरले आहे हे तर आकड्यात येतच नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. आत सुती कापडाच्या घड्या असतील तर बाकीचा गी वाळला तरी गळपट्टी ओलसर राहते. आत फोम किंवा रबरासारखा भराव असेल तर ती पाणी कमी धरते. उत्पादनाच्या माहितीत ही ओळ शोधावी, नसेल तर विक्रेत्याला विचारावे.

विणीचे प्रकार बरेच आहेत. सिंगल वीव्ह स्वस्त आणि साधी, डबल वीव्ह जवळपास ब्लँकेटसारखी, गोल्ड वीव्ह मधली. आज बाजारात सर्वाधिक दिसते ती पर्ल वीव्ह, जिचे बारीक मण्यांसारखे उठाव हाताला लागतात. वजनाच्या मानाने ती मजबूत असते. किनारपट्टीवर सराव करणाऱ्याने ३५० ते ४०० जीएसएमची पर्ल वीव्ह आणि रिपस्टॉप पायजमा यापलीकडे जायचे कारण नाही.

जाड गीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. जाड कापड मुठीत नीट येत नाही, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला पकड घेणे कठीण जाते. ते फाटतेही उशिरा. पण नवशिक्याची पकड सुटते ती कापडामुळे नव्हे, तंत्र कच्चे असल्यामुळे. आणि जो कपडा दोन सरावांच्या मध्ये वाळतच नाही, तो टिकून तरी काय उपयोग? एका जाड गीच्या पैशांत दोन हलके गी येत असतील, तर दोन घेणे कधीही शहाणपणाचे.

स्पर्धेत नेमके काय मोजतात?

आंतरराष्ट्रीय ब्राझीलियन जिऊ-जित्सू महासंघ, म्हणजेच ‘आयबीजेजेएफ’चे नियम बहुतेक स्पर्धा कमी-अधिक प्रमाणात उचलतात. त्यानुसार गी पांढरा, रॉयल निळा किंवा काळा, आणि जाकीट-पायजमा एकाच रंगाचे. हात समोर सरळ ताणल्यावर बाही मनगटापासून ५ सेंटिमीटरपेक्षा मागे जाता कामा नये. पायजमाही घोट्याच्या हाडापासून जास्तीत जास्त ५ सेंटिमीटर वर चालतो. ताणलेल्या हातावर बाहीचे तोंड ७ सेंटिमीटर मोकळे हवे. गळपट्टीची रुंदी ५ सेंटिमीटर आणि जाडी १.३ सेंटिमीटर ठरलेली आहे. महिलांना आत अंगासरशी ताणणारा शर्ट सक्तीचा आहे. चिकटपट्ट्या आणि बिल्ले ठरलेल्या जागीच, शिवूनच.

ही झाली मापे. त्याच नियमांत आणखी एक वाक्य आहे, ज्याकडे कोरड्या हवेत राहणारे लक्षही देत नाहीत : फाटका, मळलेला, ओला किंवा दुर्गंधी येणारा गी चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणातून रात्रीच्या गाडीने स्पर्धेला निघालेल्या मुलासाठी हे वाक्य बाहीच्या मापाइतकेच कळीचे ठरते.

आणि वजन. या स्पर्धांत वजन गी घालूनच होते, तेही पहिल्या लढतीच्या आधी आणि एकदाच. काटा मर्यादेपुढे गेला की खेळाडू बाद. प्रौढ पुरुषांच्या ‘लाइट फेदर’ गटाची मर्यादा गीसह ६४ किलो आहे, बिनागीच्या स्पर्धेत त्याच गटाची ६१.५ किलो. म्हणजे पोशाखापोटी अडीच किलोंची सूट नियमातच धरलेली आहे. हलका गी दीड किलोच्या आत बसतो, जाड गी दोन किलोंच्या पुढे जातो. जाड गी घालणारा जवळपास अर्धा-पाऊण किलो सूट नुसत्या कापडावर घालवतो. त्यात तो दमट असेल तर पाण्याचे वजन वेगळे. महिनाभर रात्रीचा भात सोडून कमावलेले पाऊण किलो असे दोरीवरच्या ओलाव्यात जाणार असेल, तर दोष खेळाडूच्या तयारीला देता येणार नाही.

एक सावधगिरी. आशियाई क्रीडा स्पर्धेत २०१८ च्या जकार्तापासून जिऊ-जित्सू आहे, पण ती वेगळ्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनी खेळली जाते. त्यामुळे कोणत्या नियमपुस्तकाने स्पर्धा होणार हे आधी पत्रकात पाहावे आणि मगच रंग ठरवावा. पांढरा घेतला तर हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. शिवाय पांढऱ्यावर मळ दिसतो, हा त्याचा दोष नसून गुण आहे.

माप धुण्याआधी घ्यायचे की नंतर?

सुती कापड विणताना धागे ताणलेले असतात. गरम पाणी लागले की ते सैल होतात आणि कापड आटते. हे टाळण्यासाठी कारखान्यातच कापड आधी आटवून घेण्याची ‘सॅन्फोरायझेशन’ ही प्रक्रिया सॅनफर्ड क्लुएट यांनी शोधली, १९३० पासून ती वापरात आहे. ‘प्री-श्रंक’ लिहिलेला गीसुद्धा थोडा आटतोच, फक्त कमी. आटवलेला नसेल तर बाही बघता बघता तीन-चार सेंटिमीटर वर सरकते. दुकानात मनगटापर्यंत आलेली बाही तीन धुण्यांनंतर नियमाबाहेर जाते ती अशी. मग स्पर्धेच्या दाराशी दुसऱ्याचा गी मागत फिरणे आले.

म्हणून नवा गी आला की आधी तो तीनदा धुऊन वाळवावा आणि मगच हात ताणून टेपने मोजावा. परत करण्याची मुदत बहुतेक वेळा धुतलेल्या कपड्याला लागू नसते. त्यामुळे मागवतानाच ए-१, ए-२ या मापांच्या तक्त्यातली उंची आणि वजन दोन्ही पाहून, सीमेवर असाल तर एक माप मोठे घेणे बरे. महिलांसाठी ‘एफ’ माप वेगळे असते, खांदे आणि कंबर त्यात वेगळी कापलेली असते. ‘ए’ मापातले लहान जाकीट घेऊन काम भागवायला सांगणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नये.

गजकर्णाचा गीशी काय संबंध?

या खेळात अंगाला अंग आणि कपड्याला कपडा घासतो, म्हणून गजकर्ण ही जगभरच्या मॅटवरची ओळखीची तक्रार आहे. भारतात ती आता साधी राहिलेली नाही. औषधांना दाद न देणाऱ्या बुरशीचा एक प्रकार इथल्या रुग्णांत इतका आढळला, की २०२० मध्ये त्याला मिळालेल्या शास्त्रीय नावातच भारत आला : ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध त्यावर अनेकदा चालत नाही. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून चोळले तर खाज थांबते आणि बुरशी पसरते. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणे आणि बरे होईपर्यंत मॅटवर न उतरणे, दुसरा उपाय नाही.

धुण्याचा प्रश्न इथेच येतो. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ही बुरशी मरते, ३० अंशांत ती कपड्यावर टिकू शकते. गीच्या लेबलवर मात्र ‘थंड पाण्यात धुवा’ असे असते, कारण कंपनीला आटण्याच्या तक्रारी नको असतात. आरोग्य आणि माप यांतला हा तिढा एक माप मोठा, आधी आटवलेला गी घेऊन बराचसा सुटतो. मग बंबातल्या कढत पाण्यात तो निर्धास्त भिजवता येतो. ब्लीच मात्र टाळावे, त्याने सुताची ताकद जाते. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, तिथे उन्हाची वाट पाहण्यात अर्थ नाही. जाकीट उलटे करून, गळपट्टी मोकळी सोडून पंख्याखाली टांगावे आणि शेवटी गळपट्टीवरून इस्त्री फिरवावी. पट्टा धुतला तर त्यातली ‘विद्या’ जाते, असा एक समज या खेळात आहे. विद्या जात नाही, वास जातो.

महाग का आणि मिळतो कुठे?

भारतीय बनावटीचा साधा गी साधारण तीन ते सहा हजार रुपयांत मिळतो, परदेशी नाममुद्रेचा सहज दहा हजारांपुढे जातो. जगभरच्या अनेक नाममुद्रांचे गी पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये शिवले जातात. भारताने २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावले आणि मे २०२५ मध्ये तिथल्या मालाची थेट तसेच अन्य देशांमार्गे होणारी आयात पूर्ण बंद केली. त्यामुळे दुबईतल्या किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून गी पार्सलने मागवण्याआधी तो कुठे बनला आहे, हे लेबलवर पाहून घ्यायला सांगावे. अन्यथा तो सीमाशुल्क विभागातच अडकू शकतो.

गंमत अशी, की फाळणीनंतर सियालकोटचे बरेच क्रीडासाहित्य कारागीर जालंधर आणि मेरठला आले आणि तिथे हा धंदा वाढला. महाराष्ट्राकडे तर जाड सुती विणकामाची स्वतःची केंद्रे आहेत, इचलकरंजीचे यंत्रमाग आणि सोलापूरचे चादर-टॉवेल. पर्ल वीव्ह त्यांच्या मागांना परकी वाटावी असे तिच्यात काही नाही. अडचण मागणीची आहे. ती वाढायची तर काही अकादम्यांची ‘आमच्याच नावाचा गी घ्या’ ही सक्ती आधी सैल व्हायला हवी. सरावाला साधा पांढरा गी चालत नसेल, तर तो नियम शिकवण्यासाठी नसून विक्रीसाठी आहे, एवढे पालकांनी ओळखावे.

घरात ज्युदोचा पोशाख असेल तर?

तर सुरुवातीला दुसरा घेऊच नये. सरावाला तो उत्तम चालतो आणि बाहीचे माप बसले तर जिऊ-जित्सूच्या बहुतेक स्पर्धांतही चालतो. उलट मात्र होत नाही : ज्युदोच्या आंतरराष्ट्रीय नियमांत कापड चौरस मीटरला ६५० ते ७५० ग्रॅमचे लागते आणि बाही मनगटापर्यंत पूर्ण पोहोचावी लागते, तिथे जिऊ-जित्सूचा हलका गी बाद होतो. ज्युदोच्या पोशाखाची अडचण पुन्हा तीच, तो जाड असतो. पावसाळ्यापुरता एक हलका गी जोडीला ठेवला की काम भागते.

स्थानिक स्पर्धांच्या आयोजकांनीही एक गोष्ट करण्यासारखी आहे. गी तपासणीची मापे मराठीत पत्रकातच छापावीत आणि मोजपट्टी लढतीच्या दाराशी न ठेवता नावनोंदणीच्या टेबलावर ठेवावी, तीही आदल्या संध्याकाळी. बाही दोन सेंटिमीटरने आखूड निघाली, तर रात्रभरात दुसरा गी मिळवायला वेळ तरी राहील. गुहागरहून मुंबईला सात-आठ तासांचा प्रवास करून आलेल्या मुलीला सकाळी नऊ वाजता रांगेत हे कळले, तर ती न खेळताच परतीची एसटी पकडते.