प्लॉट मिळाला? आधी माती तपासा, मग मेथी पेरा

मार्च संपत आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज सुरू होतात. पहिला: "अंबाडीचं बी कुणाकडे आहे का?" दुसरा: "यंदा कम्युनिटी गार्डनमध्ये नंबर लागला!" सोबत ओल्या, उघड्या मातीच्या तुकड्याचा फोटो आणि खाली पंधरा-वीस जणांचे अंगठे. बॉस्टनच्या हिवाळ्यातून बाहेर पडताना नुसती माती दिसली तरी माणसाला भरून येतं. मीही तीन वर्षांपूर्वी तसाच फोटो टाकला होता.

आज त्या मातीबद्दलच बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पटलं नाही तर वाद घालायला तुम्ही मोकळे. एक, शहरातल्या प्रत्येक सामायिक बागेने दर दोन-तीन वर्षांनी मातीतलं शिसं तपासून घ्यावं आणि जो आकडा येईल तो फाटकावरच्या फळ्यावर सगळ्यांसाठी लावावा, आकडा वाईट असला तरी. दोन, जो माणूस तो आकडा घेऊन येईल त्याने फावडंही घेऊन यावं. पहिली गोष्ट मला माझ्या शिक्षणातून माहीत होती. दुसरी मी चूक करून शिकले.

आमची बाग बॉस्टनलगतच्या एका जुन्या वस्तीत आहे. दोन तीनमजली लाकडी घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत चाळीसेक प्लॉट. जागा आणि पाण्याचा नळ शहराचा, बाकी सगळं स्वयंसेवकांचं. कुलपाचा नंबर बदलणं, खताचा ट्रक मागवणं, प्रतीक्षा यादी सांभाळणं, भांडणं सोडवणं, सगळं. एका कोपऱ्यात एक चिनी आजोबा मांडवावर दोडकी चढवतात. त्यांच्या शेजारी हैतीहून आलेल्या एक बाई मिरच्या आणि भेंडी लावतात. आणि कुंपणाकडेच्या प्लॉटमध्ये आमच्या सांगलीच्या काकू, मुलाकडे राहायला आलेल्या, दर दोन आठवड्यांनी मेथीची नवी ओळ पेरतात. त्यांचा दोन वर्षांचा नातू तिथेच मातीत बसून प्लॅस्टिकच्या बादलीत चिखल कालवतो.

मी सौर घटांवर काम करते. आमच्या पेरोव्स्काइट घटांत शिशाची संयुगं असतात, त्यामुळे प्रयोगशाळेत शिसं हाताळताना हातमोजे, बंद पेटी, वेगळा कचरा, सह्यांचे कागद, सगळा जामानिमा असतो. एका शनिवारी गाजराचे वाफे उकरताना लक्षात आलं की आठवडाभर ज्या गोष्टीपासून मी इतकी जपून राहते, ती या मातीत किती आहे हे मी एकदाही विचारलेलं नाही. मग सहा ठिकाणची माती गोळा करून तपासायला पाठवली. मधल्या प्लॉटमध्ये आकडा दीडशेच्या आसपास आला. कुंपणाकडेच्या पट्ट्यात ६१० पीपीएम. म्हणजे एक किलो मातीत ६१० मिलिग्रॅम शिसं. काकूंचा प्लॉट त्याच पट्ट्यात.

हे शिसं येतं कुठून?

मुख्यतः दोन ठिकाणांहून, आणि दोन्ही जुनी आहेत. एक म्हणजे घरांचा रंग. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, पण त्याआधी रंगवलेल्या लाकडी भिंतींचे पापुद्रे अजूनही सुटतात, रंग खरवडताना धूळ उडते, आणि ती भिंतीच्या पायथ्याशी साचते. म्हणूनच घराला लागून असलेल्या पट्ट्यात आकडा सर्वांत जास्त येतो. दुसरं म्हणजे पेट्रोल. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसंमिश्रित पेट्रोल इथे १९९६ मध्ये पूर्ण बंद झालं, भारतात २००० मध्ये. धुराड्यातून जे बाहेर पडलं ते मातीत बसलं. शिसं हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, त्याचं विघटन होत नाही, आणि पावसाने फारसं खालीही झिरपत नाही. वरच्या वीतभर मातीत ते शतकानुशतकं राहतं.

किती म्हणजे जास्त? ईपीए या अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने निवासी जागेतल्या मातीसाठीची धोक्याची पातळी जानेवारी २०२४ मध्ये ४०० पीपीएमवरून २०० वर आणली. आकडा त्यापेक्षा वर गेला की लगेच विषबाधा होते असं नाही. "इथे नीट लक्ष घाला" असा त्याचा अर्थ.

आता महत्त्वाचा मुद्दा, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. "भाजीत शिसं उतरतं का?" हा पहिला प्रश्न असतो. उतरतं, पण वाटतं तितकं नाही. टोमॅटो, भेंडी, दोडका, काकडी अशा फळभाज्यांत ते अगदी कमी पोहोचतं. गाजर, मुळा, बीट अशा कंदांत जास्त. पालेभाज्यांचा त्रास वेगळाच: मेथी, पालक, कोथिंबीर जमिनीलगत वाढतात, पावसाने उडालेली माती पानांना चिकटते, आणि ती धुवून जात नाही तोवर आपण मातीच खात असतो. म्हणजे खरा धोका भाजीपेक्षा मातीचा आहे. बोटांवरची माती, बुटांबरोबर घरात आलेली माती, दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडात गेलेली माती. गिळलेल्या शिशापैकी लहान मुलांच्या शरीरात प्रौढांच्या तुलनेत चार-पाच पट जास्त शोषलं जातं, आणि लोहाची कमतरता असेल तर आणखीच. मुलांच्या रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ठरवता आलेली नाही.

माझी चूक

अहवाल आला त्या रात्री अकरा वाजता मी बागेतल्या सगळ्यांना ईमेल केला. तक्ता, आलेख, लाल रंगातले आकडे, शेवटी "कृपया काळजी घ्यावी." मला वाटलं, मी माझं कर्तव्य केलं.

दुसऱ्या दिवसापासून काकू यायच्या बंद झाल्या. त्यांच्या मुलाने तो ईमेल वाचून सांगितलं, "आई, आता तिकडे जायचं नाही." हैतीच्या बाईंनी उभ्या मिरच्या उपटून टाकल्या, ज्यांची खरं तर काही गरज नव्हती. चिनी आजोबांना ईमेल वाचताच येत नव्हता, त्यामुळे ज्यांच्या प्लॉटला कुंपणाचा एक कोपरा लागत होता त्यांनाच काही कळलं नाही. आणि बागेची समिती माझ्यावर भडकली.

समितीचं म्हणणं मी इथे प्रामाणिकपणे मांडते, कारण ते निरर्थक नव्हतं. शहराला कळलं तर ते बाग बंद करतील आणि जागा बिल्डरला देतील, ही एक भीती. "आम्ही वीस वर्षं इथलं खातोय, काही झालं नाही," हा दुसरा मुद्दा. आणि तिसरा, सगळ्यांत खरा: "तुम्ही सांगून मोकळ्या झालात, आता काम कोण करणार?"

पहिल्यावर माझं उत्तर असं की, लपवलेला आकडा उद्या बाहेरच्या कुणी काढला तर बाग नक्की बंद होईल. आपणच तपासला, आपणच उपाय केले, हे दाखवता आलं तर वाचण्याची शक्यता जास्त. शिवाय ज्या आईचं मूल त्या मातीत खेळतंय, तिच्यापासून ही गोष्ट लपवण्याचा अधिकार कुठल्याच समितीला नाही. दुसऱ्यावर उत्तर असं की, कमी प्रमाणातलं शिसं दिसून येत नाही. ताप येत नाही, पुरळ उठत नाही. मुलाची एकाग्रता आणि शिकणं थोडं मागे पडतं, आणि त्याचं कारण कुणाला कधी कळत नाही.

तिसऱ्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वर्षी मी बागेच्या चार सामूहिक कामाच्या शनिवारांपैकी एकाला गेले होते, तेही तासभर.

मग उरलेला मे महिना उत्तर देण्यात गेला. काकूंच्या घरी जाऊन बसले, चहा झाला, आणि ईमेलमध्ये जे लिहायला हवं होतं ते तोंडी सांगितलं: काय धोक्याचं आहे, काय नाही, आणि काय करता येतं. मॅसॅच्युसेट्समध्ये मुलांची शिशासाठी रक्ततपासणी वयाच्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी होतेच. नातवाची दुसरी तपासणी व्हायची होती, ती करून घेतली. आकडा सीडीसीच्या ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या संदर्भपातळीच्या खाली आला. तोवर त्या घरात कुणाला नीट झोप लागली नव्हती, आणि ते माझ्या रात्री अकराच्या ईमेलमुळे.

बागेत तीन शनिवार काम चाललं. कुंपणाकडेच्या पट्ट्यात जाड कापड अंथरून त्यावर फूटभर उंचीचे लाकडी वाफे केले आणि बाहेरून आणलेली, तपासलेली माती भरली. वाटांवर लाकडाचा भुसा टाकला, म्हणजे धूळ उडू नये. नळाजवळ हात धुवायला साबण ठेवला. काय चाललंय ते नातीकडून चिनी भाषेत समजून घेतल्यावर पहिली ढकलगाडी चिनी आजोबांनी भरली. काकू तिसऱ्या शनिवारी आल्या, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन.

एकदा करून भागत नाही

इथवर वाचून वाटेल की प्रश्न सुटला. नाही सुटला. रॉक्सबरी आणि डॉर्चेस्टर या बॉस्टनच्या भागांतल्या परसबागांचा वेल्स्ली कॉलेजच्या संशोधकांनी अभ्यास केला होता, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. उंच वाफ्यांमध्ये सुरुवातीला शिसं सुमारे १५० पीपीएम होतं. चार वर्षांत ते सरासरी ३३६ वर गेलं. आजूबाजूची धूळ वाऱ्याबरोबर येऊन वाफ्यात बसत होती. म्हणजे वाफा बांधणं हे लग्नासारखं एकदाच करायचं काम नाही, ते भांडी घासण्यासारखं आहे. दर वर्षी वरचा थर काढणं, नवं कंपोस्ट घालणं, वाटा झाकणं, दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासणं.

म्हणून मला हा रसायनशास्त्रापेक्षा माणसांचा प्रश्न वाटतो. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी सामायिक कुरणाचं उदाहरण देऊन लिहिलं की जे सगळ्यांचं असतं त्याची वाट लागते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्पेनचे पाटपाणी, स्वित्झर्लंडमधली कुरणं, जपानमधली गावरानं अशी शेकडो वर्षं टिकलेली उदाहरणं अभ्यासली आणि दाखवलं की तसं व्हायलाच हवं असं काही नाही. त्यासाठी २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकलेल्या ठिकाणी देखरेख करणारे बहुधा वापरणारेच असतात, किंवा निदान त्यांना उत्तरदायी असतात.

आपल्याकडचं उदाहरण गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं आहे. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं हे गाव निर्णय सर्वसहमतीने घेतं. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती तिथली अभ्यासगटाची पद्धत: ग्रामसभेत निर्णय घेण्याआधी लोक एकत्र बसून विषय समजून घेतात. माझ्या ईमेलने नेमकी हीच पायरी गाळली होती.

आता थोडं आपल्याबद्दल, रागावू नका. आपण बरेच जण प्लॉटकडे नेटफ्लिक्ससारखं बघतो. वर्षाचे पैसे भरले, आता सेवा मिळाली पाहिजे. कामाच्या शनिवारी नेमका मुलांचा क्लास असतो. समितीच्या बैठकीला आपण नसतो आणि मग तिने घेतलेल्या निर्णयांवर ग्रुपवर टीका करतो. दोन-तीन वर्षांत नोकरीमुळे शहर बदलणार असतं, हे खरंच आहे. पण बॉस्टनमधलं फेनवे व्हिक्टरी गार्डन १९४२ पासून चालू आहे. तिथेही किती माणसं आली आणि गेली असतील. जाणाऱ्यांनी मागे वह्या, हत्यारं आणि सवयी ठेवल्या म्हणून अशा बागा टिकतात.

तर यंदा प्लॉट मिळाला असेल तर एवढं करा:

- समितीला विचारा: मातीतलं शिसं शेवटचं कधी तपासलं? अहवाल कुठे आहे? नसेल तर नमुने गोळा करायचं काम स्वतः घ्या. एका भागातून आठ-दहा ठिकाणची वरची १५ सेंटिमीटर माती घेऊन एकत्र करा. घरालगतचा पट्टा वेगळा ठेवा. बऱ्याच राज्य विद्यापीठांच्या प्रयोगशाळा टपालाने आलेले नमुने कमी खर्चात तपासतात.
- अहवालात 'टोटल लेड' आहे का ते पाहा. ईपीएची पातळी त्यासाठी आहे.
- आकडा जास्त आला तर आधी समितीबरोबर बसा, उपायांची यादी करा, आणि मग दोन्ही एकत्र सगळ्यांना सांगा. इंग्रजी न वाचणाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून. पण उपाय ठरेपर्यंत महिने घालवू नका; कुंपणालगत मुलांना खेळू देऊ नका, हे त्याच दिवशी सांगा.
- घरालगत फळभाज्या लावा, मेथी-मुळा लांब. पालेभाजी दोन-तीन पाण्यांनी धुवा. कंद सोला. बुट दाराबाहेर काढा, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.
- वाफ्यासाठी जुनं फुकट मिळालेलं लाकूड वापरू नका. २००४ पूर्वीच्या प्रक्रिया केलेल्या लाकडात आर्सेनिक असू शकतं, आणि रेल्वेच्या जुन्या स्लीपरमध्ये क्रिओसोट.
- कामाच्या शनिवारांच्या तारखा आजच कॅलेंडरमध्ये टाका.

आमचा पहिला शनिवार एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. वाफ्यांमधली माती यंदा पुन्हा तपासायची आहे, आणि आकडा काय येईल हे मला माहीत नाही. जो येईल तो फळ्यावर लावू. तुमच्या बागेत हे कसं करता, समितीला कसं पटवलं, ते जरूर लिहा. आणि अंबाडीचं बी माझ्याकडे आहे. हवं असेल तर कळवा.