घरचें अंगण : वसंतांतील हिरवळ

फाल्गुन सरत आला, पिंपळाला तांबूस पालवी फुटली, आणि थंडीभर सुस्त पडलेली हरळीहि वाढीला लागली, म्हणजे घरापुढें चार हात हिरवळ राखणाऱ्या मंडळींचे हात शिवशिवूं लागतात. या दिवसांत कापण्याची घाई करणाऱ्यांस दोन शब्द सांगावे, असें आम्हांस वाटतें. कारण तीच घाई गेल्या वर्षीं आम्हांस भोवली.

चैत्रांत घरीं मुंज होती. मांडवापुढें हिरवळ गालिच्यासारखी दिसावी, आणि पाहुणे परत जाईपर्यंत ती पुन्हां कापावी लागूं नये, अशा दुहेरी लोभानें आम्हीं ती अगदीं मातीबरोबर कापविली. आठ दिवसांत तिच्या जागीं पिवळ्या काड्या दिसूं लागल्या. घाबरून आम्ही रोज सायंकाळीं विहिरीचें पाणी शिंपूं लागलों. हिरवळ कांहीं सुधारली नाहीं. मात्र मुंजीच्या आदल्या दिवशीं विहिरीनें तळ गाठला, आणि स्वयंपाकाचें पाणी शेजारून आणावें लागलें. मातोश्री एवढेंच म्हणाल्या, “देवाला दूर्वा नाहीं, माणसांना पाणी नाहीं, मग ही हिरवळ कोणासाठीं रे?”

चुकीचें मूळ असें. गवताचें अन्न पानांत तयार होतें. पानेंच नाहींशीं केलीं, तर मुळें उपाशी राहतात, आणि उघड्या पडलेल्या मातींतील ओल ऊन शोषून घेतें. म्हणून एका वेळीं उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापूं नये. उन्हाळ्यांत हिरवळ दीड इंच ठेवावयाची असेल, तर ती सव्वादोन इंच होतांच पाऊण इंच काढावी. कापलेलें बारीक गवत तेथेंच राहूं द्यावें. तें कुजून त्याचेंच खत होतें. लांब असेल तर उचलून झाडांच्या आळ्यांत पसरावें.

गवत कापण्याचें यंत्र मूळचें इंग्लंडांतील. लोकरी कापडावरील लव कातरण्याच्या यंत्रावरून एडविन बडिंग यानें तें १८३० सालीं योजिलें. लव कातरतांना सूत तोडावयाचें नसतें, हें ध्यानांत ठेवलें, तर यंत्र कसें चालवावें हें निराळें सांगावयास नको. पातें धारदार असावें. बोथट पात्यानें पान कापलें न जातां फाटतें, आणि शेंडे पांढुरके पडतात. गवत ओलें असतांना कापूं नये. खडे आधीं वेंचावे, आणि मुलांस दूर ठेवावें.

पाणी पहाटे द्यावें. रोज थोडें न शिंपतां तीन-चार दिवसांनीं एकदां, परंतु चार-पांच बोटें माती भिजेल असें द्यावें. ओल किती खोल गेली, हें जुनी सुरी खुपसून पाहिल्यास कळतें. ओल वरच्यावर राहिली कीं मुळेंहि वरच राहतात, आणि वैशाखाच्या उन्हांत तींच प्रथम होरपळतात. हरळींत शिरलेला लव्हाळा तिच्याबरोबर कापून जात नाहीं. त्याची दांडी तिधारी असते, तिच्यावरून तो ओळखावा, आणि माती ओली असतांना खुरप्यानें गांठीसकट काढावा. आंब्याखालीं दाट सावलींत हरळी धरत नाहीं. तेथें हट्ट करूं नये. बसावयास एक बांक ठेवावा, हें बरें.

आणि पाणीच कमी पडलें तर? तर हिरवळीचें पाणी खुशाल तोडावें. आमचें अंगण मुंजीनंतर दोन महिने पाचोळ्यासारखें पडलें होतें. येणारा-जाणारा हळहळे. परंतु हरळीच्या कांड्या जमिनीखालीं जिवंत होत्या. मृगाच्या सरी पडतांच आठवड्याच्या आंत त्यांतून हिरवे कोंब वर आले. जी आपल्याशिवाय जगूं शकते, तिच्यासाठीं विहीर उपसून आम्हीं घरचीं माणसें तहानेलीं ठेवलीं होतीं.

यंदां तुळशीजवळचा एक कोपरा आम्हीं यंत्रापासून वगळला आहे. भाजी-तांदूळ धुतलेलें पाणी तेवढ्यास पुरतें. सकाळीं मातोश्री तेथें बसून तीन पानांच्या दूर्वा खुडतात, आणि धाकटी नात त्या मोजते. उरलेली हिरवळ थोडी उंच, थोडी खरखरीत दिसते खरी. पण यंदां त्याबद्दल कोणाचीच तक्रार नाहीं.