मुलींचा उपग्रह

७ ऑगस्ट २०२२ रोजीं श्रीहरिकोट्याहून उडालेल्या अग्निबाणांत ‘आझादीसॅट’ हा अवघा ८ किलोंचा उपग्रह होता. देशांतील ७५ सरकारी शाळांच्या ७५० मुलींनीं त्यांतील ७५ उपकरणें तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखालीं बांधलीं होतीं. प्रत्येकाचें वजन सुमारें ५० ग्रॅम! अवकाशांतील किरणोत्सर्ग मोजण्याचें साधनही उपग्रहावर होतें. परंतु अग्निबाणाचा दुसरा टप्पा सुटतांना बसलेल्या हादऱ्यांनीं त्याचे गतिमापक गोंधळले, आणि उपग्रह हातचा गेला. आमच्या खुलताबादेंतील एखाद्या आजीबाई म्हणतील, “तरी सांगत होतें, पोरींना हें कशाला?” आजीबाई, चुकला तो अग्निबाण, पोरींचीं उपकरणें नव्हेत! १० फेब्रुवारी २०२३ रोजीं ‘आझादीसॅट-२’ सुमारें ४५० किलोमीटर उंचीवर सुखरूप पोहोंचला.