डोंगरातील गाव आणि शहरचा पाहुणा

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघे येथे पूर्वी जेथे कपाशी आणि ज्वारी उभी असे, तेथे आज घरांच्या ओळी दिसतात. ज्यांच्या आजोबांनी वखर हाकला त्यांची नातवंडे आता कचेरीत, दुकानात किंवा कारखान्यात काम करतात. अशा कुटुंबाला सुटी मिळाली की डोंगर, झाडे, चुलीवरचे जेवण आणि दोन दिवसांची विश्रांती हवीशी वाटते. ही ओढ स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच, की ती भागविताना खर्च होणारा पैसा कोणाच्या पदरात पडतो?

सामान्यतः हा पाहुणा चिखलदऱ्याची वाट धरतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरील ते ठिकाण रम्य आहे आणि तेथील कॉफीची झाडे पाहण्यासारखी आहेत. तथापि सुटीच्या दिवसांतील तेथील गर्दी पाहता शांततेसाठी निघालेल्या माणसाच्या वाट्याला शांतता फारशी येत नाही. वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेस, सेलू, कारंजा आणि आर्वी या तालुक्यांत सातपुड्याच्या उपशाखांच्या टेकड्या आहेत. तेथे साग, तेंदू, मोह आणि बांबू यांचे वन आहे. बोर नदीवरील धरणाचा जलाशय आहे. आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झालेले बोर अभयारण्य आहे. याच टापूत गवळाऊ जातीची पांढरी, चपळ जनावरे पिढ्यान्‌पिढ्या पाळली जात आहेत. या टेकड्यांच्या कुशीतील खेडी घरापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर असून त्यांच्याकडे फारसे कोणी वळत नाही.

या खेड्यांतील शेतकऱ्याची अडचण सर्वश्रुत आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर या पिकांचा भाव त्याच्या हाती नाही, पाऊसही नाही. २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा संकटग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली त्यांत वर्धा जिल्हा होता. पाहुणचाराच्या जोडधंद्याने हे सारे दुःख दूर होईल असे सांगणे म्हणजे शेतकऱ्याची दिशाभूल करणे होय. परंतु या धंद्यात एक गुण निश्चित आहे. शेतकरी तूर बाजारात नेतो तेव्हा डाळ करण्याची, ती शिजविण्याची आणि वाढण्याची मजुरी दुसऱ्यास मिळते. तीच तूर त्याच्या ओसरीवर वरण होऊन पाहुण्याच्या पानात पडली, तर ही सारी मजुरी घरातच राहते. १९३४ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने कच्च्या मालावरील प्रक्रिया गावातच व्हावी, असा आग्रह धरला होता. त्याच विचाराचे हे आजचे रूप म्हणता येईल.

म्हणूनच पाहुण्यासाठी शेत बाजूला सारणे ही पहिली चूक ठरेल. इटलीने १९८५ मध्ये या धंद्याविषयी कायदा केला, त्यात शेती मुख्य आणि पाहुणचार तिला पूरक, हे तत्त्व घालून दिले. महाराष्ट्र शासनानेही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे. आपल्याच राज्यातील उदाहरणे पाहावीत. सातारा जिल्ह्यातील भिलार हे स्ट्रॉबेरी पिकविणारे गाव २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले. घराघरांत पुस्तके मांडली गेली, पण स्ट्रॉबेरीची शेती सुटली नाही. त्याच भागातील मांघर येथे मधमाशापालन आधीपासून होते. २०२२ मध्ये ते देशातील पहिले मधाचे गाव म्हणून पुढे आले. दोन्ही गावांनी आपला मूळ धंदा सोडला नाही.

बोरच्या टेकड्यांतील गावाजवळ काय आहे? पौष-माघात हुरडा आहे, तुरीच्या सोल्यांची भाजी आहे, पातोडीचा रस्सा, वांग्याचे भरीत, अंबाडीची भाजी आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आहेत. मात्र हुरडा वाढावयाचा तर ज्वारी पेरली पाहिजे, आणि जिल्ह्यात ज्वारीचे क्षेत्र फार घटले आहे. पाखरे आणि रानडुकरे यांच्या त्रासाने शेतकरी ती पेरीत नाही. ज्याला पाहुणे बोलवावयाचे आहेत त्याने घराजवळ अर्धा एकर ज्वारी राखून पाहावी. हुरड्याबरोबर वर्षाचे धान्य आणि गवळाऊ गाईला कडबाही मिळेल. हळदीस भौगोलिक मानांकन मिळालेले वायगाव याच जिल्ह्यात आहे. ती हळद स्वयंपाकात वापरावी आणि परतताना पाहुण्यास विकावी.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पाहुणा घरी आला की काम वाढते ते घरातील स्त्रीचे. निंदणी-वेचणी करून आलेल्या बाईने वीस माणसांच्या भाकऱ्या थापाव्यात आणि पैसे मात्र घरधन्याच्या खिशात जावेत, हा न्याय नव्हे. स्वयंपाकाची मजुरी आधी ठरवून ती तिच्याच नावे जमा व्हावी. हे काम महिला बचत गटाने पत्करल्यास एका घरावर भार पडणार नाही आणि चार घरांत पैसा जाईल.

तिसरी गोष्ट शांततेची. शहरचा माणूस जिच्यासाठी येतो ती शांतताच कर्णे, मोटारी आणि प्लॅस्टिकचा कचरा यांनी नष्ट झाली, तर धंदाही संपेल. ग्रामसभेने आरंभीच नियम ठरवावेत: एका वेळी किती पाहुणे घ्यावयाचे, उन्हाळ्यात विहिरीचे पाणी प्रथम गाव आणि गुरे यांना द्यावयाचे, रात्री गाणी-बजावणी बंद ठेवावयाची. जिल्ह्यात दारूबंदी आहे. ती पाहुण्यासही लागू आहे हे स्पष्ट सांगावे. वाघाच्या वनालगत राहताना अंधारात पाहुण्यांना शिवारात फिरविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

पाहुण्याचेही कर्तव्य आहे. खेडे हे करमणुकीचे ठिकाण नसून दुसऱ्याच्या कष्टाची जागा आहे, हे जाणून त्याने यावे. भावात घासाघीस करू नये, पानात टाकू नये, मुलांना औत, गोठा आणि मळणी दाखवावी. बोरगावातील ज्या मुलाने कपाशीचे बोंड केवळ चित्रात पाहिले आहे, त्याला ते झाडावर पाहावयास मिळेल. आपल्या आजोबांचा धंदा कोणता होता आणि तो किती कठीण आहे, हेही त्याला उमगेल.

इच्छुक शेतकऱ्यांनी कर्ज काढून पक्क्या खोल्या बांधण्याची घाई करू नये. प्रथम एक हुरड्याचा हंगाम ओसरी, अंगण आणि स्वच्छ संडास एवढ्या सामग्रीवर करून पाहावा, जमाखर्च लिहून ठेवावा, आणि तो अनुकूल दिसल्यासच पुढचे पाऊल टाकावे.