उतरलं की नाही, एवढंच?

अंतराळाची बातमी टीव्हीवर लागली की मी हल्ली आवाज बंद करून नुसती चित्रं बघतो. आवाजात कळण्यासारखं फारसं काही नसतं. लघुग्रह असेल तर तो फुटबॉलच्या मैदानाएवढा किंवा विमानाएवढा असतो आणि पृथ्वीला त्याचा धोका असतो. तो चंद्राच्या कितीतरी पलीकडून निघून जाणार आहे हे शेवटी, वेळ उरलाच तर. यान असेल तर ते पोहोचलं की नाही, एवढाच प्रश्न. क्रिकेटच्या स्कोअरसारखं! आणि क्रिकेटच्या बातमीत निदान कोण कसा आउट झाला ते तरी सांगतात.

चंद्रयान-२ चंच बघा. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे दोनच्या सुमाराला विक्रम लँडर उतरत होता. इस्रोच्या पडद्यावर एक आलेख होता, उतरण्याचा ठरलेला मार्ग आणि त्यावरून सरकणारा हिरवा ठिपका. तो ठिपका रेषेपासून बाजूला गेला आणि मग थांबला. चंद्रापासून २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सगळं ठीक होतं, नंतर संपर्क तुटला, अशी घोषणा झाली. त्या रात्रीची खरी बातमी त्या आलेखात होती, आणि ती सगळ्या वाहिन्यांवर दिसतही होती. पुढचे काही दिवस आपण पाहिलं काय, तर के. सिवन यांचे अश्रू, पंतप्रधानांनी मारलेली मिठी आणि "विक्रम तिरका पडलाय पण अखंड आहे" अशा बातम्या. अश्रू खरे होते, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण ठिपका बाजूला का गेला?

याचं थोडं उत्तर नोव्हेंबर २०१९ मध्ये लोकसभेतल्या एका लेखी उत्तरात आलं: उतरताना वेग ठरल्यापेक्षा जास्त कमी झाला आणि लँडर ठरलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत आदळला. किती जणांच्या टीव्हीवर हे दिसलं असेल?

दरम्यान चेन्नईत एक गृहस्थ आपल्या संगणकापुढे बसले होते. षण्मुग सुब्रमणियन, शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनियर आणि कामानं प्रोग्रामर. नासाच्या एलआरओ या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानानं १७ सप्टेंबरला त्या भागाची छायाचित्रं घेतली होती आणि २६ सप्टेंबरला ती सर्वांसाठी जालावर ठेवली होती. त्या चित्रांत एक पिक्सेल म्हणजे सव्वा मीटर. संध्याकाळची तिरपी उन्हं, लांबलचक सावल्या. सुब्रमणियन यांनी जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी शेजारी ठेवलं आणि तुकड्यातुकड्यानं ताडून बघितलं. आधी नसलेला एक उजळ ठिपका त्यांना सापडला, तो त्यांनी नासाला कळवला. एलआरओच्या मंडळींनी ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या अधिक चांगल्या चित्रांवरून खात्री करून घेतली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला जाहीर केलं की तो विक्रमचाच अवशेष, मुख्य आघाताच्या जागेपासून वायव्येला साधारण ७५० मीटरवर.

यातली एकही गोष्ट वाहिन्यांना अशक्य नव्हती! तीच चित्रं त्यांनाही फुकट उपलब्ध होती. दोन चित्रं शेजारी दाखवून "शोधा बरं" एवढं जरी प्रेक्षकांना म्हटलं असतं तरी शाळेतल्या हजारो पोरांनी रात्र जागवली असती. माझं सगळं भांडण इथे आहे. विज्ञानातला जो भाग माणसाला हात घालून बघता येतो, नेमका तोच बातमीतून गळतो.

सविस्तर कारणं जुलै २०२३ मध्ये कळली, चंद्रयान-३ निघायच्या सुमारास. तेव्हाचे इस्रोप्रमुख एस. सोमनाथ यांनी ती अगदी सरळ सांगितली. वेग कमी करणाऱ्या पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, त्यामुळे चुका साठत गेल्या. त्या भरून काढायला यानाला फार झपाट्यानं वळावं लागलं, पण वळण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरमध्येच मर्यादा घातलेली होती, कारण इतक्या वेगानं वळायची वेळ येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं. त्यात उतरायची जागा अवघी ५०० मीटर बाय ५०० मीटर. जागा अजून लांब होती, तिथे पोहोचायचं म्हणून यान वेग वाढवत राहिलं आणि इकडे जमीन जवळ आली.

ज्यानं आयुष्यात दहा ओळींचा प्रोग्राम लिहिलाय त्याच्या पोटात इथे गोळा येईल. "एवढा आकडा कशाला येईल" असं म्हणून घातलेली मर्यादा! पगारपत्रकाच्या प्रोग्रामपासून चांद्रयानापर्यंत तीच. आणि म्हणूनच चंद्रयान-३ मला जास्त आवडलं. जागा वाढवून सुमारे ४ बाय अडीच किलोमीटर केली, इंधन वाढवलं, पाय मजबूत केले, मधलं पाचवं इंजिन काढून टाकलं, वेग मोजायला लेसरचं नवं उपकरण बसवलं. काय काय बिघडू शकेल याची यादी आधी आणि रचना नंतर. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ते उतरलं तेव्हा इस्रोचं यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण एका वेळी ८० लाखांहून अधिक लोक बघत होते. म्हणजे लोकांना रस नाही हे कारण तर सांगूच नका.

(कंसातली गोष्ट: वाहिन्यांवर त्या दिवशी लँडरचं ॲनिमेशन सारखं फिरत होतं, अनेकदा "काल्पनिक चित्र" अशी पट्टीही न लावता. आमच्या नात्यातल्या एका आजोबांनी विचारलं, "बाहेरून शूटिंग कुणी केलं रे?" फार रास्त प्रश्न. वाहिन्यांतल्या कुणाला तो पडायला हवा होता.)

"सामान्य प्रेक्षकाला हे झेपत नाही" असंही म्हणतात. ज्या देशात डकवर्थ-लुईस पानाच्या टपरीवर समजावून सांगितलं जातं, तिथे? १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर-१ चंच घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्याकडून निरर्थक शून्य-एक यायला लागले. बहुतेक मथळे "व्हॉयेजर मुकं झालं", "शेवटचा निरोप" वगैरे. तिकडे अभियंत्यांनी यानाच्या एका संगणकाची सगळी स्मृती मागवून घेतली आणि त्यात त्यांना सापडलं की एक चिप गेली आहे, साधारण ३ टक्के स्मृती खराब. तिथला कोड हलवायचा, तर तो सबंध मावेल एवढी मोकळी जागा कुठेच नाही. मग त्याचे तुकडे केले, जागा मिळेल तिथे ठेवले आणि एकमेकांचे पत्ते दुरुस्त केले. आदेश पोहोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तितकेच. एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा नीट बोलू लागलं. हार्डडिस्क भरल्यावर फाइली इकडून तिकडे हलवणाऱ्या कुठल्याही माणसाला हे पाच मिनिटांत सांगता येतं. मी आमच्या मावशींना सांगितलं, त्यांनी लगेच विचारलं, "मग हलवताना चुकलं असतं तर?" मावशींनी कधी संगणकाला हात लावलेला नाही :-)

आता थोडं आपल्या बाजूचंही. इस्रो उशिरानं का होईना, माहिती उघडी करते आहे. चंद्रयान-२ चं कक्षायान अजून काम करतंय आणि त्याची निरीक्षणं डिसेंबर २०२० पासून 'प्रदान' नावाच्या संकेतस्थळावर मिळतात. चंद्रयान-३ ची २३ ऑगस्ट २०२४ ला, पहिल्या राष्ट्रीय अंतराळ दिनाला, खुली झाली. नाव नोंदवावं लागतं, फाइली जड असतात, आणि उघडायच्या कशा हे शिकण्यात एक संध्याकाळ जाते. कक्षायानावरच्या एका कॅमेऱ्याच्या चित्रांत तर फूटभर आकाराची वस्तूसुद्धा दिसू शकते.

घरच्या वाचकांपैकी ज्यांची मुलं आठवी-नववीत आहेत त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत एक फाइल उतरवून बघावी. अडलं तर मला फोन करा, रात्री नऊनंतर.