आधी झोपू द्या, मग ध्यान सांगा

व्यसन हा आजार आहे, असं भाषणाच्या पहिल्या वाक्यात म्हणायचं आणि दुसऱ्या वाक्यापासून आजाऱ्यालाच झापायला लागायचं, ही आमच्या भिवंडीतल्या व्यसनमुक्ती कार्यक्रमांची ठरलेली रीत. 26 जून, म्हणजे अमली पदार्थविरोधी दिन, जवळ आला की फ्लेक्स लागतात. फ्लेक्सवर कोण? ज्याची दारू सुटली तो माणूस औषधालाही सापडणार नाही. असतात ते नगरसेवक, भावी नगरसेवक आणि त्यांचे आधारस्तंभ. मग लाउडस्पीकरवरून कर्णकर्कश आवाजात शांततेचं माहात्म्य सांगितलं जातं. हल्ली त्यात 'माइंडफुलनेस' शिरला आहे. एक गुळगुळीत गृहस्थ येतात, यंत्रमाग कामगारांना सतरंजीवर बसवतात आणि सुरू होतात. मित्रांनो, वर्तमान क्षणात जगा. पहाटे पाचला उठा. कोमट पाणी प्या, सूर्यनमस्कार घाला, दहा मिनिटं श्वासाकडे पाहा. इच्छाशक्ती असेल तर व्यसन पळून जाईल.

पाचला उठा? अहो, समोरचे कितीतरी जण पाचला मागावर उभे असतात. रातपाळी संपायची असते. अशाच एका सभेत मागच्या रांगेतल्या एकाने विचारलं, "डोळे मिटले की झोपच लागते साहेब, त्याचं काय करू?" लोक हसले. वक्तेही हसले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. त्या दिवसात विचारण्यासारखा तो एकच प्रश्न होता, आणि व्यासपीठावरच्या एकाही विद्वानाला त्याचं उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

उत्तर द्यायचं तर आधी कारखान्यात जावं लागेल. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. एका माणसाकडे सहा, कुठे आठ माग. धागा तुटला की धावायचं, जोडायचा, तोवर दुसरीकडे कांडी संपलेली. पगार महिन्याचा नाही, मीटरवर. माग थांबला की कमाई थांबली. खडखडाट नव्वद डेसिबलच्या वर, आणि नव्वद ही आठ तासांसाठीची कमाल मर्यादा आहे, बारा तासांसाठीची नव्हे. भुवयांवर, पापण्यांवर सुताची पांढरी लव बसलेली. सकाळी सुटल्यावर बिशीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, जेवायचं आणि दिवसपाळीला गेलेल्याच्या जागेवर आडवं व्हायचं, त्याच खोलीत, बाहेर तोच खडखडाट. बायको-पोरं उत्तर प्रदेशात, बिहारात, तेलंगणात. रातपाळीत डोळा लागू नये म्हणून तंबाखू, सकाळी डोळा लागावा म्हणून देशी. ही चैन आहे? हे त्या वेळापत्रकाचं इंधन आहे.

व्यसनमुक्तीच्या गटांत जगभर चार गोष्टी घोकून घेतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. यातलं एक जरी वाढलं तरी घसरण्याचा धोका, सांभाळा. आमचा कामगार सकाळी सातला फाटकाबाहेर पडतो तेव्हा चारही एकदम अंगावर असतात, आणि समोर दुकान उघडं असतं. त्याला 'निरोगी सवयी लावा' म्हणून सांगणाऱ्याने एकदा त्या फाटकाशी उभं राहावं. सवय लावायला वेळ लागतो, आणि त्याचा वेळ कापडाच्या तागात गुंडाळून बाजारात गेलेला असतो.

गैरसमज नको. ध्यान हे थोतांड आहे असं मी म्हणत नाही. उलट ते खरं आहे म्हणूनच त्याची ही विटंबना मला सहन होत नाही. अ‍ॅलन मार्लॅट नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होते, व्यसन पुन्हा का उलटतं याचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला. त्यांचं सांगणं असं की तलफ ही लाट आहे: चढते, माथ्यावर येते आणि बहुतेकदा काही मिनिटांत ओसरते. तिच्याशी झुंजू नका, तिला शरणही जाऊ नका, पाहत राहा. घसा कोरडा पडला, तळव्याला घाम आला, पोटात पीळ पडला. बसा, श्वास चालू आहे, आता पीळ सैल होतोय. एकदा ओसरताना पाहिली की माणसाला कळतं, आपण प्यायलो नाही तरी मरत नाही. ही विद्या शिकता येते. त्यांच्या सहकारी सारा बोवेन यांनी 2014 मध्ये 286 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरानंतर, ध्यानावर आधारलेलं प्रशिक्षण घेतलेल्यांचे नशेचे दिवस इतरांपेक्षा कमी भरले. पण हे 286 जण कोण होते? प्राथमिक उपचार आधीच पूर्ण केलेले लोक. ध्यान उपचारांनंतर आलं, उपचारांच्या जागी नव्हे. आमचे सतरंजीवाले नेमका हा भाग गिळतात.

गिळला तर काय बिघडतं? माणूस मरतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली की पहिल्याच दिवशी हात लटलट कापायला लागतात, घाम फुटतो. काहींना फिट येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, दिवस-रात्र कळेनाशी होते. यावर औषधं आहेत, थायमिनची इंजेक्शनं आहेत, डॉक्टरांच्या नजरेखाली काढायचे काही दिवस आहेत. झोपेच्या गोळ्यांची सवय असलेल्याने त्या अचानक सोडल्या तरी फिट येऊ शकते. कोडीनच्या कफ सिरपचे साठे आमच्या गोदामांच्या पट्ट्यात पोलीस पुन्हा पुन्हा पकडतात. ते पिणाऱ्याला जी 'टर्की' लागते, अंग मोडून येणं, जुलाब, नाकाडोळ्यांतून पाणी, तिच्यावरही औषध आहे. आणि हे गृहस्थ सांगतात, आजपासून सोडा, दीर्घ श्वास घ्या! फिट आलेल्या माणसाने नेमका कोणता श्वास घ्यायचा?

गंमत अशी की ज्यांची नावं घेऊन ही प्रवचनं चालतात, ते स्वतः असलं काही म्हणत नाहीत. आमच्याच नाशिक हायवेने पुढे जा, कसारा घाट चढा, इगतपुरी येतं. सत्यनारायण गोएंका यांचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र तिथे 1976 पासून चालू आहे. दहा दिवसांचं शिबिर, फी नाही. त्यांच्या अर्जात मनोविकाराबद्दल, नशेबद्दल सरळ विचारतात, आणि विपश्यना ही वैद्यकीय किंवा मानसोपचारांची पर्यायी व्यवस्था नाही हे स्वतःहून बजावतात. ज्यांनी आयुष्य ध्यानाला वाहिलं त्यांना आपली मर्यादा कळते. ज्यांनी शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत प्रमाणपत्र मिळवलं त्यांना मात्र ब्रह्मज्ञान झालेलं असतं.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र घ्या. 1986 साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या बळावर सुरू केलं. तिथे प्राणायाम आहे, वेळेवर जेवण आहे, श्रमदान आहे. पण त्याबरोबर डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत, गट आहेत, पत्नींसाठी 'सहचरी' आहे, आणि बाहेर पडल्यावर वर्षानुवर्षांचा पाठपुरावा आहे. चांगल्या सवयी तिथे रुग्णाला सांगून सोडून देत नाहीत, त्याच्याभोवती उभ्या करतात. जेवण वेळेवर येतं म्हणून तो वेळेवर जेवतो. रात्री दिवे मालवले जातात म्हणून झोपतो. घसरला तर दार पुन्हा उघडतात, अपमान करत नाहीत. इच्छाशक्तीच्या बढाया मारणाऱ्यांनी हे आधी पाहून यावं. ज्याला बारा तास झोपेविना राबण्याची इच्छाशक्ती आहे, त्याला इच्छाशक्तीवर व्याख्यान देणारे तुम्ही कोण?

एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने 2019 मध्ये दिलेला राष्ट्रीय अहवाल सांगतो की दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकाला कसलेतरी उपचार मिळतात. 37 जणांना काहीच नाही. देशाची ही अवस्था असताना, सात लाखांहून अधिक वस्तीच्या आमच्या गावात वर्षातून एकदा फेरी काढायची आणि केळी वाटून घरी जायचं, हा निगरगट्टपणा आहे. पहिल्या रांगेत कारखान्यांचे सेठ बसलेले असतात, कामगारांना तंबाखू सोडण्याची शपथ देतात, आणि संध्याकाळी त्यांचाच मुकादम रातपाळीला माणूस कमी पडला म्हणून दिवसपाळीवाल्यालाच पुन्हा मागावर उभं करतो. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. पुडी कुठे मिळते हे पोरांनाही ठाऊक आहे. आणि सरकार? सप्टेंबर 2025 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे नऊ तास बारा करायला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा तीच राहील म्हणतात. आमच्या मागांवर कुणाच्या घड्याळाने आठवडा मोजणार? एकीकडे नशामुक्त भारत, दुसरीकडे झोपमुक्त कामगार. दोन्हींवर सह्या होतात.

सेठ, तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर फ्लेक्सचे पैसे वाचवा. पाळी आठ तासांची करा, आणि दर असा द्या की आठ तासांत पोट भरेल. हे आज जमत नसेल तर निदान सलग दुसऱ्या पाळीला कुणाला उभं करू नका. उपचाराला गेलेल्याचे माग दुसऱ्याला देऊन टाकू नका; काम गेलं या भीतीनेच माणसं दवाखान्याची पायरी चढत नाहीत. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा मोफत नंबर कारखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा, हिंदीत, उर्दूत, तेलुगूत, मराठीत. मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून ठरलेल्या दिवशी इथेच बसेल, यासाठी मंत्र्यांकडे खेटे घाला; विजेच्या दरासाठी घालताच की! ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था 1990 पासून उभी आहे, तिथली माणसं बोलवा, कामगारांना श्वास बघायला त्यांच्याकडून शिकू द्या. आणि व्यसनमुक्तीचा गट भरवाल तो संध्याकाळी पाचला, हॉलमध्ये, प्रमुख पाहुण्यांच्या सोयीने नको. सकाळी सातला आणि रात्री सातला, पाळी सुटते तेव्हा, फाटकापासून चालत जाता येईल अशा खोलीत. चहा आणि पोटभर नाश्ता ठेवा. वक्ता नसला तरी चालेल.