आईच्या गालातली कळ आणि आपले मागणीपत्र

आई आजारी आहे, दोन दिवस रजा हवी, असे सांगितले की सुपरवायझर विचारतो, "काय झाले?" "गाल दुखतो" हे उत्तर ऐकून तो हसतो. हे उत्तर मी स्वतः दिले आहे आणि ते हसणेही ऐकले आहे. म्हणून, कामगार बंधुभगिनींनो, हा लेख.

मी तिरुच्चीजवळच्या एका कारखान्यात कंत्राटी फिटर. आई तंजावूरला, राजवाड्याच्या मागल्या गल्लीत आमच्या जुन्या घरी राहते. वय ७८. (आमची तंजावूरची मराठी तुम्हां महाराष्ट्रातल्या वाचकांना जराशी जुनी वाटेल, ती चालवून घ्यावी.) दीड वर्षापूर्वी तिच्या उजव्या गालात कळ सुरू झाली. घास चावताना, तोंड धुताना, नुसता पंख्याचा वारा लागला तरी गालात वीज मारल्यासारखे व्हायचे. काही सेकंदांत कळ थांबायची, पण पुढच्या कळेच्या धास्तीने ती जेवेनाशी झाली, बोलेनाशी झाली. शेजारपाजारच्यांनी सल्ले दिले. कोणी लवंगेचे तेल सांगितले, कोणी मिठाचा शेक. तोंड वाकडे होणार, असे एकाने भाकीत केले. वास्तविक तोंड वाकडे होणे हा वेगळ्या नसेचा आजार, त्यात अशी वीज मारत नाही. पण हे तेव्हा आम्हांला कोण सांगणार?

एका खाजगी दंतवैद्याने दाढ काढली. आठ दिवसांनी कळ तशीच. मग त्याने शेजारची दाढ काढली. त्या दाढाही गेल्या आणि माझे चौदा दिवसांचे खाडे झाले. कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे मजुरी नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

आठ महिन्यांनी सरकारी इस्पितळातल्या एका तरुण डॉक्टरने निदान केले. त्याने यंत्र लावले नाही. विचारले, "पाटी, कळ किती वेळ टिकते? कशाने येते? मधल्या वेळात दुखते का? रात्री झोपेतून उठवते का?" आईने बोटाने गालावरची जागा दाखवली, पण गालाला बोट लावू दिले नाही. तेवढ्यावरून त्याने ओळखले. मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नसेचे तीन फाटे कपाळ, गाल आणि जबड्याकडे जातात. ती ट्रायजेमिनल नस. पुष्कळदा तिच्या मुळाशी एखादी रक्तवाहिनी टेकते आणि नस अशी भडकते. पन्नाशीनंतर हा आजार अधिक दिसतो, आणि बायकांत जास्त. कळ दातातून आल्यासारखी वाटते, म्हणून विनाकारण दात काढले जाण्याचे प्रकार जगभर घडतात.

लंडनच्या जॉन फॉदरगिल या डॉक्टरने १७७३ साली या दुखण्याचे वर्णन मांडले, तेही रोग्यांचे सांगणे नीट ऐकून. आमचे सरफोजी राजे, दुसरे, त्यानंतर चारच वर्षांनी, १७७७ मध्ये जन्मले. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती तंजावूरचा किल्ला तेवढा उरला. त्यांनी धन्वंतरी महाल उभारून देशी आणि विलायती दोन्ही वैद्यक तिथे चालवले. त्यांच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. राजेशाहीचे गोडवे गाण्याचे हे स्थळ नव्हे. मुद्दा एवढाच की रोग्याचे म्हणणे ऐकून कागदावर उतरवायला वेळ लागतो, आणि तो वेळ दोनशे वर्षांपूर्वी काढला जात होता. आज बाह्यरुग्ण विभागात शंभर माणसांची रांग आणि एक डॉक्टर असेल, तर तो कोणाचे काय ऐकणार? रिकाम्या जागा भरा, ही आरोग्य कर्मचाऱ्यांची मागणी आपल्याही आईबापांची मागणी आहे.

घरात असा रोगी असेल तर वही घाला. कळ कधी आली, किती सेकंद टिकली, कशाने आली, ते लिहा. वही घेऊन डॉक्टरकडे जा, आणि दात काढण्यापूर्वी नसेचा आजार तर नाही ना, हे विचारून घ्या. म्हाताऱ्या माणसाचे कानशील दुखत असेल, चावताना जबडा भरून येत असेल आणि नजर अंधुक होत असेल, तर तो निराळा आजार असू शकतो. त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो, म्हणून त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

या कळेवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा उपयोग होत नाही. १९६० च्या दशकापासून कार्बामाझेपिन हे मूळचे फेफऱ्याचे औषध दिले जाते. ते आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. आईला चार दिवसांत फरक पडला, आणि तिसऱ्या आठवड्यात ती पायरीवरून पडली. नशिबाने हाड मोडले नाही. या गोळीने चक्कर येते, झापड येते, रक्तातले सोडियम उतरते. म्हणून म्हाताऱ्यांना थोड्या मात्रेने सुरुवात करून, रक्त तपासत वाढवावी लागते. अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, तो प्रकार जिवावर बेततो. तसे काही नसेल तर बरे वाटते म्हणून आपल्या मनाने गोळी एकदम सोडू नये. गोळीने भागले नाही तर एमआरआय काढून शस्त्रक्रियेचा विचार होतो. आमच्यावर ती वेळ आलेली नाही.

आता आपल्या संघटनेचा प्रश्न. ई.एस.आय. च्या कुटुंबाच्या व्याख्येत, ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले अवलंबित आईवडील येतात. माझ्या नोंदीत आईचे नावच नव्हते. कंत्राटदाराच्या कारकुनाने बायको-मुलांची नावे भरली आणि पुढचा रकाना कोरा सोडला. मीही सही करताना पाहिले नाही. ते नाव घालायला पाच महिने लागले. आपल्या किती सभासदांच्या नोंदीत हा रकाना कोरा आहे, हे प्रत्येक शाखेने या महिन्यातच तपासावे. त्यासाठी संप लागत नाही.

रजेचे मात्र अवघड आहे. ई.एस.आय. चा आजारपणाचा भत्ता विमेदाराच्या स्वतःच्या आजारात मिळतो, आईला दवाखान्यात नेण्यासाठी नाही. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून मुलांच्या संगोपनासाठी सेवाकाळात ७३० दिवसांची रजा मिळू लागली. ती योग्यच आहे. म्हाताऱ्या आईबापांसाठी वर्षाला दहा दिवस पगारी रजा मागितली तर ती चैन ठरेल काय? आपल्या नेत्यांनाही ही मागणी किरकोळ वाटते, हे मी बैठकीत अनुभवले आहे. बोनस आणि महागाई भत्त्याच्या खाली ती अकराव्या क्रमांकावर टाकली जाते, आणि वाटाघाटी सातव्यालाच संपतात.

आई आता दहीभात खाते, डाव्या बाजूने. पंखा अजून दुसऱ्या खोलीत लावावा लागतो. दर महिन्याला गोळ्या आणि रक्ततपासणी यांसाठी मला एक दिवस तिरुच्चीहून यावे लागते. परवा सुपरवायझरने पुन्हा विचारले तेव्हा मी आजाराचे पूर्ण इंग्रजी नाव सांगितले. तो हसला नाही, पण खाडा लावलाच.